एकही गोळी न चुकवता

कौसल्याच्या कांडपाकडं निघालं की आधी तिचा आवाज कानावर यायचा आणि मग मिरचीचा ठसका लागायचा. दोन लोखंडी मुसळं आळीपाळीनं उखळात आदळत असायची, त्यांची धडधड गल्लीभर, आणि त्या धडधडीवर आवाज चढवून ही बाई गिऱ्हाइकांशी बोलत असायची. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, सगळं तिला कळायचं आणि कळलेलं ती कुणापासून लपवून ठेवायची नाही. कुंभार पिंपळगावात राहणाऱ्या आम्हा सगळ्यांचं वर्षाचं तिखट तिच्याकडूनच यायचं. मिरची नीट वाळलेली नसली तर ती तोंडावर परत करायची. "घरी न्या आन् आणखी ऊन दाखवा. वल्ली मिरची मशीनमधी घालून माझं नाव खराब करता का?"

नवरा अण्णासाहेब नेमका उलटा. गावाबाहेर मोसंबीची बाग, दिवसभर तो आणि त्याची झाडं. बोलायची पाळी आली तर माणूस आधी खाली बघायचा. कौसल्यानं कांडप टाकायचं काढलं तेव्हा त्याच्या भावकीत कुरकुर झाली, आपल्या घरची बाई लोकांचं तिखट कुटणार का म्हणून. एक दिवस वाळू-सिमेंट आणून घराच्या पुढच्या अंगाला अण्णासाहेबानं स्वतःच्या हातानं मशीनचा ओटा बांधला. कौसल्या हे अजून सांगते, म्हणजे सांगायची.

दुखणं सुरू झालं ते एका थंडीत. सकाळी तोंडावर पाणी मारलं आणि उजव्या गालात करंट बसल्यासारखं झालं. ती जागेवर बसली. क्षणभरात कळ गेली, तिला वाटलं गारठ्यानं झालं असेल. मग घास चावताना तसंच झालं. मग बोलताना. मग नुसता वारा गालाला लागला तरी. अंबडला दातांच्या डॉक्टरनं एक दाढ काढली. कळ तशीच राहिली, म्हणून शेजारची काढली. दोन चांगल्या दाढा गेल्या आणि कळ होती तिथंच.

कौसल्याचं बोलणं बंद झालं. मशीन चालू असायचं, तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं आणि ती हातानं खुणा करायची. मिरची ठेव, बस, ने. नव्या माणसाला वाटायचं, बाई मुकी आहे. जुन्यांना वाटायचं, हिला काय एवढा माज आला. तिच्या हाताखाली काम करणारी शालू तेवढी लोकांना समजावायची, "काकूचा गाल दुखतो, बोलता येईना त्यांना." गाल दुखतो म्हणून कुणी बोलायचं थांबतं का, हे लोकांना पटायचं नाही. ताकात कालवलेला भात न चावता गिळायचा, एवढंच तिचं जेवण उरलं. अण्णासाहेबानं मला पुढं कधीतरी सांगितलं, "ती विहिरीकडं गेली की मी काम सोडून मागं मागं जायचो. तिला दिसू द्यायचो न्हाई."

त्यांचा मुलगा सूरज जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात कामाला होता. त्यानंच चौकशी करून स्टेशनच्या बाजूचा मेंदूचा डॉक्टर शोधला. या डॉक्टरनं दुखणं बरोबर ओळखलं, हे सांगायला हवं. त्यानं गालाला नुसतं बोट लावलं, ती किंचाळली, आणि तो म्हणाला, "ही नस आहे. चेहऱ्याची नस. दाताचा काही संबंधच नव्हता, उगाच काढल्या दाढा." गोळी लिहून दिली. थोड्यापासून सुरू करून वाढवत न्यायची होती.

"एक लक्षात ठेवा," तो अण्णासाहेबाला म्हणाला, "एकही गोळी चुकवायची नाही. मध्येच बंद केली तर दुखणं दुप्पट होऊन परत येईल."

"न्हाई चुकवणार साहेब."

तेवढ्यात पुढचा पेशंट दार उघडून आत आला होता. महिन्यानं दाखवायला या, असं म्हणून डॉक्टर त्याच्याकडं वळला. ताप आला तर, अंगावर काही उठलं तर, तोंड आलं तर काय करायचं, हे तो बोलला नाही. औषधाच्या दुकानातला माणूसही नाही. यांनीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

गोळी अण्णासाहेबानं आपल्याकडं घेतली. सदऱ्याच्या वरच्या खिशात पाकीट. सकाळी चहासोबत, रात्री जेवणावर. बागेत असला तरी वेळेला घरी यायचा, पाण्याचा तांब्या भरायचा आणि तिच्या तळहातावर गोळी ठेवून ती गिळेपर्यंत उभा राहायचा.

आणि गोळी लागू पडली. आठवडाही झाला नसेल. कौसल्या सकाळी चुलीपाशी बसली होती. ताज्या भाकरीचा पापुद्रा तोडून तिनं सवयीनं डाव्या दाढेखाली घेतला, मग थोडा वेळ थांबली, मग मुद्दाम उजवीकडं घेतला. चावला. परत चावला.

"आवो," ती ओरडली, "इकडं या! दुखत न्हाई!"

अण्णासाहेब दारात आला.

"बघा, बघा," ती घास चावून दाखवत म्हणाली, "बिलकुल दुखत न्हाई."

तो तिच्या समोर उकिडवा बसला आणि ती खात असताना बघत राहिला. त्या दिवशी कांडपावर आलेल्या प्रत्येकाला तिनं आपल्या दुखण्याची पहिल्यापासूनची कथा ऐकवली. कित्येक महिन्यांचं साठलेलं बोलून काढलं. "माझ्या गोळीनं मला माणसांत आणलं," असं ती म्हणायची. गोळीचं नाव तिला माहीत नव्हतं. ती तिला 'माझी गोळी' म्हणायची.

उन्हं तापायला लागली आणि मिरचीचा हंगाम आला. ओट्यापुढं पोत्यांची रांग. गोळी सुरू होऊन तिसरा आठवडा असेल, कौसल्याला कसकस वाटायला लागली. घसा खवखवला, डोळे लाल झाले, चुरचुरायला लागले. हंगामात डोळे लाल होणं तिला नवं नव्हतं. तिनं पाणी मारलं आणि काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताप भरला. ओठांच्या आतून फोड आले.

"तिखटाची आग हाय ही," ती म्हणाली. शालूला, अण्णासाहेबाला, सगळ्यांनाच तसं वाटलं. गावातल्या डॉक्टरनंही डोळे बघितले, मिरचीचं काम थोडे दिवस बंद करा म्हणाला, इंजेक्शन दिलं, तापाच्या गोळ्या दिल्या. दिवसभर तिखटात बसणाऱ्या बाईचे डोळे आणि तोंड जळत असेल तर दुसरं कारण कोण शोधणार?

मग छातीवर डाग उठले. काळपट लाल, मधे गडद. पाठीवर गेले, दंडांवर उतरले. शेजारच्या गिरिजाबाई सत्तरी ओलांडलेल्या, त्यांनी पदर बाजूला करून पाहिलं आणि हात जोडले. "अंगात बाया आल्यात, देवी हाय ही. आता दवापाणी करू नका, कोप व्हईल. लिंबाचा पाला हातरा आन् उंबऱ्याच्या आत गार ठेवा तिला."

कडुनिंबाचा पाला अंथरला. घरात फोडणी बंद झाली. तापाच्या गोळ्याही बंद केल्या. पण नसेची गोळी अण्णासाहेबानं चालू ठेवली. ती काही तापाची नव्हती. ती वेगळी होती, आणि डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते त्याच्या पक्कं लक्षात होतं.

सूरज जालन्याहून आला तेव्हा आईला ओळखायला त्याला वेळ लागला. ओठ सुजून फुटले होते, त्यांवर रक्ताच्या खपल्या, डोळे चिकटलेले. "अण्णा, हे काय करून राह्यले तुम्ही? पाल्यावर काय निजवलं हिला?" असं म्हणत त्यानं तिला उचलून गाडीत घातलं आणि जालन्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं.

तिथं लगेच भरती करून घेतलं. सलाईन लागलं. डॉक्टरांनी अण्णासाहेबाला विचारलं, "ताप कधीपासून?" त्यानं सांगितलं.

"बीपीची गोळी चालू आहे? शुगरची?"

"न्हाई साहेब. बीपी न्हाई, शुगर न्हाई. असलं काहीच न्हाई तिला."

"कशाची ॲलर्जी?"

"न्हाई."

त्यानं काही लपवलं नाही. जे विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. नसेची गोळी ही बीपीचीही नव्हती आणि शुगरचीही नव्हती. ती चांगली गोळी होती.

डेंग्यूची तपासणी झाली, डेंग्यू नसल्याचं आलं. अँटिबायोटिक सुरू केलं. डाग वाढले, त्यांचे फोड झाले. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ही औषधाची रिअ‍ॅक्शन वाटते." म्हणजे ते अगदी जवळ आले होते. पण दवाखान्यातलं औषध तेवढंच औषध, असं त्यांनी धरलं. कालपासून दिलेलं अँटिबायोटिक बंद केलं आणि दुसरं चालू केलं. माणूस दवाखान्यात येण्याआधी घरी काय घेत होता, हे त्याच्या उशाशी बसलेल्या नवऱ्याला कुणी विचारलं नाही.

आणि तो नवरा रोज सकाळ-संध्याकाळ सिस्टर औषधं देऊन गेली की खिशातलं पाकीट काढायचा. गोळी गिळता येत नव्हती म्हणून चमच्यात कुस्करायचा, पाण्याचे थेंब घालायचा. तोंडाच्या आतली सगळी कातडी सोलवटली होती. पाणी लागलं तरी तिच्या घशातून आवाज निघायचा. ती मान हलवायची.

"एवढी घे," तो म्हणायचा. "ही चुकवायची न्हाई. परत ती कळ सुरू झाली तर काय करशील? एवढी घे बरं."

ती ओठ मिटायची. मग तो एका हातानं तिची हनुवटी धरायचा आणि दुसऱ्या हातानं चमचा आत लोटायचा.

चादर बदलताना सिस्टरनं तिला कुशीवर वळवलं आणि पाठीची कातडी चादरीला चिकटून आली. सूरज तिथं उभा होता. तो बाहेर गेला आणि जिन्यात ओकला. डॉक्टरांनी त्याच दुपारी सांगितलं, आमच्याकडं हे जमणार नाही, संभाजीनगरला हलवा. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये प्रत्येक खड्ड्याला ती कण्हत होती, आणि कण्हताना ओठांतून रक्त येत होतं.

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात तिला भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात नेलं. प्रीती नावाची तरुण डॉक्टर तिथं ड्यूटीवर होती. तिनं पेशंटला पाहिलं, हातमोज्याच्या बोटानं कातडीवर किंचित दाब दिला, आणि ती दोघा बापलेकांना घेऊन बाहेरच्या बाकावर आली.

"काका, मला नीट आठवून सांगा," ती म्हणाली. "गेल्या महिना-दीड महिन्यात यांच्या पोटात काय काय गेलं? गोळी, इंजेक्शन, काढा, झाडपाला. कशासाठीही असू दे. जे गेलं ते सगळं."

"तापाच्या गोळ्या गावात घेतल्या व्हत्या. इंजेक्शन झालं. मंग पाला..."

"त्याच्या आधी?"

"आधी काय न्हाई. आधी ती नसेची गोळी तेवढी."

"कुठल्या नसेची?"

"गालाच्या. गाल दुखायचा तिचा." त्यानं खिशातून पाकीट काढून तिच्या हातावर ठेवलं.

डॉक्टरनं पाकीट उलटं करून नाव वाचलं.

"ही कधी बंद केली?"

"बंद कुठं केली? चालूच हाय की."

"आज दिली?"

"सकाळी दिली. अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधी." आपण काळजीत कमी पडलो नाही, हे या पोरीला कळावं असं त्याला वाटलं असावं. तो पुढं म्हणाला, "एकदाबी चुकवली न्हाई मॅडम. वेळच्या वेळी."

डॉक्टरनं ते पाकीट आपल्या कोटाच्या खिशात टाकलं. मग ती बाकावर त्याच्या शेजारी बसली. "काका, यामुळंच झालंय हे," ती म्हणाली. तिनं हळू आवाजात समजावलं की ही गोळी वाईट नाही, हजारो लोक घेतात, पण क्वचित एखाद्याच्या शरीराला ती चालत नाही आणि मग कातडी आतून जळाल्यासारखी सुटत जाते. सुरुवातीलाच, नुसता ताप आणि डोळे लाल असतानाच थांबवली तर बराच फरक पडतो. सूरज मधेच काहीबाही विचारत होता. अण्णासाहेब ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. तो स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होता.

कौसल्या जगेल असं पहिल्या दिवसांत कुणी म्हणत नव्हतं. कातडी नसलेल्या अंगाला जंतू लागू नयेत म्हणून तिला मच्छरदाणीसारख्या पडद्यात ठेवलं होतं. नाकातून नळीनं दूध. रोज पट्ट्या बदलायच्या वेळी अण्णासाहेब वॉर्डापासून लांब जाऊन गेटपाशी उभा राहायचा, कारण पट्ट्या सोडतानाचा तिचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. हाता-पायांची नखं गळून पडली. मग हळूहळू ताप उतरला. नवी कातडी धरली, ठिकठिकाणी पांढरी, ठिकठिकाणी काळी. सगळ्यात शेवटी डोळे उघडायचा प्रयत्न झाला. पापण्या आतून बुबुळाला चिकटत चालल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रोज त्या सोडवल्या, पण उजव्या डोळ्याला नुसता उजेड कळेल एवढीच नजर उरली आणि डाव्याला माणसाची आकृती.

काय झालं ते डॉ. प्रीतीनंच तिला सांगितलं. घरी सोडायच्या आधी, कॉटवर बसून, तिचा हात हातात घेऊन. त्या गोळीचं कंपनीचं नाव आणि औषधाचं खरं नाव, दोन्ही सांगितली. दुसऱ्या कंपनीच्या पाकिटावर वेगळं नाव असतं, आत औषध तेच असतं, म्हणून खरं नाव ध्यानात ठेवायचं. त्याच्या जातकुळीची आणखी काही औषधंही कधी घ्यायची नाहीत. अण्णासाहेब पायथ्याशी उभा होता.

"कार्बामाझेपिन," डॉक्टर म्हणाली. "काका, म्हणा बरं."

"कारबा... कारबामाझेपीन."

"परत."

तो परत म्हणाला. कौसल्या त्याच्या आवाजाच्या दिशेनं बघत होती. त्या संध्याकाळी तो पाण्याचा पेला घेऊन गेला तेव्हा मात्र तिनं तोंड फिरवलं आणि "सूरज कुठं गेला?" म्हणाली.

घरी आल्यावर गाव बघायला लोटलं. बायका दारातूनच पदर तोंडाला लावायच्या. गिरिजाबाई आल्या, रडल्या, म्हणाल्या देवीनं वाचवलं. कौसल्या खोलीच्या अंधारात बसून राहायची. उजेड सहन होत नव्हता. पापण्यांचे केस आतल्या बाजूनं वाढून डोळ्यात टोचायचे, ते महिन्या-दोन महिन्यांनी दवाखान्यात जाऊन उपटून घ्यावे लागायचे. आणि डोळे कोरडे. अश्रूंच्या वाटाच बुजल्या होत्या. "रडायला येतं," ती शालूला म्हणाली, "पण पाणी येत न्हाई गं. नुसतीच आग व्हतीय."

कांडप शालूनं चालवायला घेतलं, पण तिखटाची धूळ घरात यायला लागली तेव्हा मशीन तिथून हलवणं भाग पडलं. शालूनं ते बाजाराच्या वाटेला एका शेडमध्ये नेलं. ओटा तसाच राहिला. त्यावर आता अण्णासाहेब पाण्याच्या पाइपाची वेटोळी ठेवतो.

त्याच्या हातचं ती काही घेत नव्हती. जेवण शालू वाढायची, औषध शालू द्यायची. तो बागेतून यायचा, दाराशी चप्पल काढायचा, आत कोण आहे याचा अंदाज घ्यायचा. शेवटी एक दिवस त्याला राहवलं नाही. शालू घरात होती, तिच्यासमोरच हे झालं.

"मी काय मुद्दाम केलं का?" तो म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलं व्हतं चुकवू नका म्हणून. मी बराबर तेच केलं."

"मी मान हलवत व्हते," कौसल्या म्हणाली. जिभेवरचे व्रण भरले होते तरी तिचे शब्द जड यायचे. "न्हाई म्हणत व्हते मी. तुम्ही हनुवटी धरली माझी."

"डॉक्टरनं सांगितलं..."

"डॉक्टर तिथं नव्हता. तुम्ही व्हता."

तो मग बागेत गेला, आणि जेवायलाही आला नाही. शालू डबा घेऊन गेली तर तो आळ्यातलं तण काढत बसला होता. जिथं तण नव्हतं तिथंही माती उकरत होता.

कौसल्याचा हट्ट होता की जालन्याच्या त्या डॉक्टरकडं एकदा जायचं. सूरजला भांडायचं होतं, केस करायची होती. तिला फक्त बोलायचं होतं. तिघं गेले. डॉक्टरनं तिला पाहिलं आणि तो खुर्चीतून अर्धवट उठला. तो निर्दय माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता, असं सूरजही कबूल करतो.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण लाखात एखाद्याला होतं हे. गोळी चुकीची नव्हती. तुमचं दुखणं थांबलं होतं ना?"

"थांबलं व्हतं," ती म्हणाली. "गोळी चांगलीच व्हती. पण डोळे लाल झाले तर गोळी थांबवा आन् जल्दी या, एवढं सांगायला किती वेळ लागतो साहेब?"

"बाहेर बघितलंत का, किती लोक आहेत?" असं तो म्हणाला आणि मग स्वतःच खाली बघायला लागला. ती उठली. सूरजनं केस केली नाही. वकिलानं सांगितलं, गोळी बरोबर, दुखणं बरोबर, काय सिद्ध करणार? पुढं त्या डॉक्टरनं पेशंटला चार गोष्टी सांगायला सुरुवात केली की नाही, मला माहीत नाही.

पावसाळा संपता संपता कळ परत आली. तशीच, उजव्या गालात. ती किंचाळली तेव्हा शालू धावत गेली, आणि कौसल्यानं तिचा हात धरला नि पहिली गोष्ट म्हणाली ती ही, "गोळी आणू नका." कुठलीच नको. दुसऱ्या जातीची औषधं असतात, ती चालतात, असं सूरजनं फोनवर डॉ. प्रीतीला विचारून सांगितलं. ती ऐकेना. पापण्यांचे केस आत टोचायचे आणि गालात करंट बसायचा. आठ-पंधरा दिवस तिनं तसेच काढले. शेवटी संभाजीनगरला नेऊन गालाच्या नसेच्या मुळाशी सुई घालून ती नस बधिर करून घेतली. कळ थांबली. पण अर्धा चेहरा मेल्यासारखा झाला. चहा ओठांच्या कोपऱ्यातून गळून हनुवटीवर आला तरी तिला कळत नाही.

या दिवसांत अण्णासाहेब गावात थोडा वेडगळ ठरला होता. स्वतःला सर्दी झाली म्हणून गेला तरी डॉक्टरला आधी सांगायचा, "आमच्या मंडळीला कारबामाझेपीन चालत न्हाई." लोक हसायचे. कुणाच्या घरी कुणी आजारी पडलं की हा जाऊन विचारायचा, कुठली गोळी चालू हाय, पाकीट दाखवा. त्याला काय कळणार होतं त्यातलं? इंग्रजी त्याला औषध फवारणीच्या डब्यांवरचं वाचून वाचून अक्षरापुरतं यायचं. तरी पाकीट डोळ्यांजवळ धरून तो एकेक अक्षर लावायचा आणि परत द्यायचा. आता आता त्याच्याकडं पाहून हसायचं लोकांनी सोडलं आहे.

मी त्यांच्याकडं गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. कौसल्याच्या डोळ्यांत दिवसभर थोड्या थोड्या वेळानं थेंब घालावे लागतात, नाहीतर बुबुळ वाळतं. बोटं आखडलेली, तिला स्वतःला बाटली दाबता येत नाही. हे काम शालूचं. त्या दुपारी शालू तिच्या भावाच्या घरी बारशाला गेली होती आणि तिला उशीर झाला. कौसल्या बाजेवर बसून डोळ्यांवर ओलं फडकं धरत होती, काढत होती, परत धरत होती. अण्णासाहेब उंबऱ्यात बसला होता.

"शालू आली का?" तिनं विचारलं.

"न्हाई आली अजून," तो म्हणाला.

बराच वेळ गेला. फडक्याचा उपयोग होत नसावा. तिचे डोळे टोचल्यासारखे मिटत होते. तो उठला आणि फडताळातली बाटली काढून तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. तिला त्याची आकृती दिसली असणार. ती मागं सरली नाही, पण मानही वर केली नाही.

"नाव वाचा," ती म्हणाली.

त्यानं बाटली खिडकीच्या फटीतल्या उजेडाला धरली आणि एकेक अक्षर लावत नाव वाचलं. अडखळला, पहिल्यापासून सुरुवात केली.

"परत वाचा."

त्यानं परत वाचलं.

"अजून एकदा."

त्यानं तिसऱ्यांदा पूर्ण नाव वाचलं. मग कौसल्यानं डोकं मागं भिंतीला टेकवलं, एका बोटानं खालची पापणी ओढून धरली आणि म्हणाली, "घाला."

त्यानं एक थेंब घातला. हनुवटीला हात लावला नाही.